खालचा पंप, वरचा फ्रिज

३ मार्च, सोमवार

मिक्सर गेला. वाटण अर्ध्यावर असताना. आधी करकरला, मग जळक्या रबराचा वास आला, मग एक सुस्कारा – जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटल्यासारखा. सासूबाईंनी निघताना माझे दोन शब्दकोश बाजूला काढून हा बॅगेत कोंबला होता. "तिकडे असला मिळायचा नाही." खरंच मिळत नाही. शब्दकोशही मिळत नाहीत.

मिक्सर जाण्याच्या जरा आधी स्वयंपाकघरातला दिवा पिवळ्याचा पांढराफटक झाला. त्याच क्षणी खालून पंपाची घरघर सुरू झाली होती. हे आता रोजचं आहे. पंप सुरू झाला की आमचे दिवे भडकतात, पंप थांबला की निवतात. पर्वतावर धूर दिसतो, त्याअर्थी तिथे अग्नी आहे – एवढं अनुमान पाठशाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेलं आहे. इथे धूर माझ्या मिक्सरमधून निघाला. अग्नी तळमजल्यावर राहतो.

तळमजल्यावर म्हणजे तो निवृत्त जकात अधिकारी आणि त्याची बायको. घर दुमजली, वर आम्ही, खाली ते. पाण्याचा पंप त्याच्या अंगणात, टाकी त्याच्या ताब्यात, जिन्याखालच्या कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला. आल्यापासून त्याने मला एकदा मान डोलावली आहे, तीही बहुधा मानेवर माशी बसली म्हणून.

आजपासून त्याचं नाव पाताळेश्वर.

४ मार्च, मंगळवार

खाली जाऊन तोंडावर बोललो. तो फाटकात उभा होता, धोबी कपडे मोजून देत होता, समोरच्या न्हाव्याच्या दुकानात दोघं-तिघं बसलेले. मी म्हणालो, "तुम्ही वीज चोरता."

इथली भाषा मी पुस्तकातून शिकलो. बोलताना शिलालेख वाचल्यासारखा वाटतो, असं ऑफिसातला टायपिस्ट म्हणतो. शिलालेखाचा एक फायदा – शब्द स्वच्छ पोचतो. न्हाव्याने वस्तरा थांबवला.

पाताळेश्वर लाल झाला. "जन्मभर लोकांच्या पेट्या उघडून मी चोर पकडले. मी चोर?" आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमच्या देशात वीज पोचली का हो अजून? नाही, सवय नसेल म्हणून विचारतो."

गल्ली हसली. मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते व्याकरणशुद्ध होतं, त्यामुळे कोणी हसलं नाही.

ही म्हणाली, "बोलायचं होतं तर घरात बोलायचं. सगळ्या गल्लीसमोर कशाला?"

७ मार्च, शुक्रवार

हिच्या सुईचा दिवस.

दर शुक्रवारी एक टोचून घ्यायची असते. ही स्वतःच टोचते. मला सुई बघवत नाही. सुरुवातीला एकदा मदतीला उभा राहिलो तर हिलाच मला पंख्याखाली आडवं करावं लागलं. तेव्हापासून ही दार लावून घेते आणि मी बाहेर बसून मनातल्या मनात माझ्या वर्तमानपत्राच्या संपादकांना शिव्या देतो. दोघांचंही लक्ष दुखण्यावरून उडतं.

हे औषध सुरू होण्याआधीचं वर्ष मी विसरत नाही. सांधे धरले होते. बोटं सकाळी मिटायची नाहीत, कप धरता यायचा नाही. वेणी मी घालायचो. माझ्या वेणीला ही दोरखंड म्हणायची आणि आरशात बघून हसायची, आणि हसताना हात पदराखाली लपवायची. आता तीच बोटं इथल्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं शिवतात. फाटलेले कणे, सुटलेली पानं, सुई-दोरा, खळ. पुस्तक शिवून झालं की ही त्याच्यावर हात फिरवते, मूल निजवल्यासारखा.

औषध थंडच राहिलं पाहिजे. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय – या उकाड्यात बाहेर राहिलेलं औषध टोचायचं नाही, फेकायचं. इथे ते मिळत नाही. कोणी विमानाने येणारं गाठायचं, बर्फाच्या पिशवीतून आणवायचं. आत्ताचा साठा पावसाळ्यापर्यंत पुरवायचाय. तोवर कोणी येणारं नाही.

म्हणून आमचा फ्रिज म्हणजे गाभारा. मधल्या फळीवर निळा डबा. बाकीचे सगळे – दही, कोथिंबीर, मी – परिवारदेवता.

आणि खाली तो पंप.

८ मार्च, शनिवार

वायरमन आणला. बोलावून बोलावून आला आणि आल्या आल्या निघायच्या गडबडीत. याला मी क्षणप्रभ म्हणतो. विजेला चपला, चंचला, क्षणप्रभा अशी नावं ज्यांनी ठेवली ते पूर्वज याच गल्लीत भाड्याने राहत असावेत.

क्षणप्रभने एकाही तारेला हात न लावता निदान केलं. "साहेब, इथे सगळ्यांचंच असं आहे." मग पिशवीतून पांढऱ्या डब्या काढल्या. ही प्लगला लावा, झटका आला तर ही मरेल, तुमची वस्तू वाचेल. ही फ्रिजला लावा, वीज आल्यावर हा जरा थांबून सुरू होईल. टीव्हीला वेगळी. कॉम्प्युटरला वेगळी. प्रत्येक यंत्राला एक अंगरक्षक.

"आणि तो?" त्याने फ्रिजमागे बोट दाखवलं.

तो आमचा द्वारपाल. घरून आणलेला स्टॅबिलायझर, लोखंडी, चांगला वजनदार. विमानतळावर तो बॉम्ब नाही हे पटवताना मला विजेच्या दाबावर छोटं प्रवचन द्यावं लागलं होतं. दाब वरखाली झाला की टक् करतो आणि फ्रिजला जेवढं पचेल तेवढंच पुढे देतो. हल्ली दिवसभर टक् टक् करत असतो.

क्षणप्रभ म्हणाला, "चांगला आहे. पण म्हातारा झालाय."

मीही झालोय. कोणी डबी लावत नाही.

११ मार्च, मंगळवार

नवा नियम केला. पंपाची घरघर ऐकू आली की फ्रिजचा प्लगच काढायचा. पंप थांबला की लावायचा. यंत्र सुरक्षित ठेवण्याचा सर्वोत्तम उपाय म्हणजे ते न चालवणे – हे कुठल्याही सरकारी कचेरीत शिकायला मिळतं.

दुपारी पंप लागला. प्लग काढला. तेवढ्यात संपादकांचा फोन. इथल्या निवडणुकीचा मजकूर तोंडी उतरवून घेतो म्हणाले, मग दोन वाक्यांवरून वाद घातला, मग तिसऱ्यावरून. संध्याकाळी ही ग्रंथालयातून आली तेव्हा स्वयंपाकघरात फ्रिजखालून पाण्याचा ओघळ दारापर्यंत आला होता. प्लग ओट्यावर, पेपरवेटसारखा.

हिने डबा उघडला, आत हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला. "गार आहे अजून," म्हणाली. मग प्लग लावला, फरशी पुसली, आणि पाठमोरीच विचारलं, "तुम्ही फ्रिज सांभाळताय की औषध?"

मी सांगितलं की मुळात दोष खालच्याचा आहे.

१२ मार्च, बुधवार

सकाळी पाहिलं तर निळ्या डब्याला बाहेरून दोरा गुंडाळलेला, पुस्तकं शिवायचा, मेण लावलेला. "आता सारखा उघडायचा नाही. गारवा जातो."

मी कधी उघडला? तिकडे बघायलाही मला धीर होत नाही. पण हो म्हणालो. या घरात निदान एका माणसाला तरी शिस्त आहे, याचा आनंद वाटला.

१६ मार्च, रविवार

जेवणाच्या टेबलावर एक मिशाळ म्हातारा वाळत पडलाय. पाताळेश्वराचा खापरपणजोबा.

त्यांचा फोटोंचा आल्बम सुटा झाला होता, हिने शिवायला घेतला. पानापानाला खळ लावून, मध्ये कागद घालून, वर माझे उरलेले शब्दकोश दाबून. मी ताट घेऊन बसलो तर समोर शत्रूचं सगळं कूळ, तीच भुवई, तोच ओठ, माझ्या घासांवर नजर ठेवून.

"शत्रूच्या पूर्वजांना आपण कधीपासून जेवायला बोलावतो?"

"त्या काकूंनी विचारलं. मी हो म्हणाले."

"कधी विचारलं?"

"जाता-येता." आणि मग मुद्दाम, "त्यांचा फ्रिज जुना आहे, पण गारेगार करतो. दगडासारखा आहे."

हा टोमणा होता. मी ताटाकडे बघितलं. त्यांचा फ्रिज मला माहीत आहे. माझं लिहायचं टेबल नेमकं त्यांच्या स्वयंपाकघरावर येतं. दिवसभर खालून कण्हणं येतं, दमेकरी माणसासारखं. मी अग्रलेखाच्या तोलाचं वाक्य जुळवत असतो आणि खाली तो कण्हतो. माझ्या गद्यावर याहून प्रामाणिक अभिप्राय आजवर कोणी दिलेला नाही.

१९ मार्च, बुधवार

क्षणप्रभ पुन्हा उगवला. पांढऱ्या डब्यांपैकी दोन मेल्या, त्याबद्दल जाब विचारायला बोलावला होता. "बघा, सांगितलं होतं ना, ही मरेल," म्हणाला – यशस्वी प्रयोगासारखं. पण या खेपेला त्याने निदान मीटर लावून पाहिला. पंप लागला तसा काटा वर चढला. मग त्याने मला आमची इस्त्री लावायला सांगितली. काटा खाली आला आणि त्याच क्षणी खालून पाताळेश्वराचा आवाज, "आता काय झालं या दिव्याला?"

क्षणप्रभ खूश झाला. मग भिंतीला टेकून मला शिकवू लागला. खांबावरून दोन घरांना दोन तारा येतात, पण परत जायची तार दोघांत एकच. ती जिन्याखालच्या कपाटात सैल झालीय. "त्यामुळे साहेब, तुम्ही दोघं एका तराजूत बसलाय. त्यांनी मोठं काही लावलं की त्यांचं पारडं खाली, तुमचं वर. तुम्ही लावलं की त्यांचं वर. जो वर गेला त्याची वस्तू जळते."

"म्हणजे तो चोर नाही?"

"कसला चोर? तुमच्या इस्त्रीने त्यांचेच दिवे उडत असतील." आणि हसला. "एक स्क्रू आवळायचा. पण कपाट उघडायला हवं."

खाली गेला. लगेच वर आला. निरोप असा – वरच्यांनी गल्लीसमोर जे म्हटलं ते गल्लीसमोर परत घ्यावं. मग किल्ली.

मी म्हणालो, माझ्या देशात वीज पोचली का हे त्यानेही परत घ्यावं. क्षणप्रभ म्हणाला, मी पोस्टमन नाही. आणि नावाला जागला.

ही समोर उभी होती. "एक वाक्य आहे हो. तुम्ही रोज हजार शब्द लिहिता."

"ते मला पटलेले असतात."

"सगळे?"

दीर्घकाळ संस्कृत शिकलेल्या माणसाला गप्प कसं करायचं, हे हिला माझ्या गुरुजींपेक्षा चांगलं जमतं. पण मी गेलो नाही. चोर नसेल. उद्धट आहे. उद्धटपणाला माझ्याकडून माफी मिळेल, मागितली जाणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सुई झाली. त्याआधी ही जिन्यावरून वर येताना दिसली. म्हणे फाटक वाजलं म्हणून बघायला गेले होते. चहाचा कप देताना हिची बोटं लागली – गार. या उन्हात. औषध चांगलं लागू पडतंय.

२३ मार्च, रविवार

इस्त्रीचा शोध मला स्वस्थ बसू देईना.

सकाळी सदऱ्यांना इस्त्री केली. खालून, "अरे!" मग रुमालांना. मग पडद्यांना. मग हिच्या खळीच्या फडक्याला, ज्याने आयुष्यात कधी अशी प्रतिष्ठा पाहिली नव्हती. त्याने उत्तरादाखल पंप लावला. टाकी भरून पाणी गच्चीवरून ओसंडलं तरी लावून ठेवला. आमचा द्वारपाल टक् टक् टक्. मी प्लग काढला, फ्रिज वाचवला, आणि इस्त्री पुन्हा लावली.

खरंतर मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. परक्या मुलखात माणसाचं कुणीच काही लागत नाही. बँकेत, बसमध्ये, दुकानात आपण असलो काय नि नसलो काय. पण खाली एक माणूस आहे ज्याचा दिवा माझ्या बोटावर नाचतो. असा संबंध इथे दुसऱ्या कुणाशी जुळलेला नाही.

ही बाहेरून आली आणि फडक्याकडे बघत राहिली. "याला घडी कुणी घातली?"

२५ मार्च, मंगळवार

जिन्यात गाठ पडली. तो कपाटाजवळ उभा, किल्ली कमरेला. मी दोन पायऱ्या वर थांबलो. उंचीचा फायदा सोडू नये.

"तुमची इस्त्री फार चालते," तो म्हणाला.

"तुम्हाला तहान फार लागते."

"स्वयंपाकघरातला दिवा परत गेला. बायको मेणबत्तीवर भाजी चिरते."

"आम्ही तर मिक्सरचं सुतक पाळतोय."

"शब्द मागे घ्या. आत्ता उघडतो."

"कुठला? मी बरेच बोललो होतो."

"तुम्हाला माहितेय कुठला."

माहीत होता. जिभेवर आलाही असता. पण त्याने वर पुस्ती जोडली, "पुस्तकी माणूस. उच्चारतो सगळं, बोलत काही नाही." वाक्य चांगलं होतं. मला सुचलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मी वर निघालो.

तेवढ्यात ही आल्बम घेऊन खाली उतरत होती, नवा कणा, नवं कापड. दारातून त्याची बायको म्हणाली, "आलीस? ये गं, आत ये." आणि ही गेली. माझ्या देखत, माझ्या बाजूने, त्याच्या शेजारून, आत. त्याने हिच्यासाठी दार धरलं. वाकून. माझ्याशी बोलताना जी मान लोखंडी होती तिला एकदम बिजागऱ्या फुटल्या.

फितुरीला आणखी काय पुरावा लागतो?

२८ मार्च, शुक्रवार

सुई झाली. संध्याकाळी ही घरी एक जाडजूड ग्रंथ घेऊन बसली होती, मांडीवर घेऊन टाके घालत. सुई आत, दोरा ओढ, गाठ. मी नुसता बघत बसलो. लपून बघतो तसा. बोटं कशी न अडखळता मिटतात, उघडतात.

मान वर न करता म्हणाली, "खालच्यांशी मिटवून टाका ना. मला भीती वाटते."

"कसली?"

"तुमचं दोघांचं चाललंय त्यात काहीतरी जळेल."

"आपलं काही जळणार नाही. मी आहे."

दोरा दाताने तोडला.

३० मार्च, रविवार

संपादक म्हणतात, मजकुराचा सूर हल्ली चिडका येतोय, इथल्या जनतेवर तुमचा राग आहे का? सांगितलं, सगळ्या जनतेवर नाही.

२ एप्रिल, बुधवार

पाताळेश्वर सपत्नीक लेकीकडे गेला आहे. काल गेला, शुक्रवारी सकाळी येणार, हे हिच्याकडून कळलं. हिला त्यांचं सगळं कळतं. मी म्हटलं, चला, शांतता.

कसली शांतता. जाताना पंप आपोआप चालेल असा लावून गेलाय. टाकी रिकामी झाली की लागतो, भरली की थांबतो. घरात माणूस नाही, कपाटाला कुलूप, आणि पंप आपला चालू. अनुपस्थितीतही छळता येतं, हे परमेश्वरानंतर यालाच जमलं.

ही ग्रंथालयात गेलेली. मी टेबलावर. पंप लागला. मी उठेपर्यंत उशीर झाला होता. द्वारपालाने एकदा टक् केलं, दुसऱ्यांदा केलंच नाही. धूर. तोच जळका वास. लोखंडी पेटीला हात लावला तर पोळला. इतक्या लांबून आणलेला, इतके महिने उभा राहिलेला तो म्हातारा माझ्यासमोर गेला.

मग डोक्यात प्रकाश पडला – डबा.

फ्रिज आता उघडा पडला. लावावा तर जळेल, न लावावा तर औषध तापेल. पावसाळ्यापर्यंतचं सगळं औषध. मी अनवाणी रस्त्यावर आलो, हे कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं. मासळीवाल्याकडून बर्फ घेतला. तो म्हणाला, एवढा? म्हटलं, अजून दे. बादलीत खाली बर्फ, मध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून निळा डबा, वर बर्फ, भोवती हिची जुनी शाल. दोरा सोडला नाही. उघडलं तर गारवा जातो. मोरीच्या गार फरशीवर बादली ठेवली आणि तिच्याशेजारी स्टूल टाकून बसलो. ओल्या बोटांकडे बघत होतो. वेणी घालायला पुन्हा शिकावं लागेल का, असा विचार आला.

तेव्हा खाली पंप दुसऱ्यांदा लागला.

मी उठलो. गिझर लावला, या उकाड्यात. विजेच्या शेगडीच्या दोन्ही चकत्या लावल्या. इस्त्री लावली आणि ओट्यावर उभी ठेवली. आमचा दिवा विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला. म्हणजे तराजूचं त्याचं पारडं वर गेलं. जळू दे तो पंप. पंपाची घरघर चढली, पण जळला नाही. टाकी भरली असावी, आपोआप थांबला. मी मात्र काही बंद केलं नाही. पंप नाही तर दुसरं काही. खालच्या फ्रिजचं कण्हणं बारीक झालं, डासासारखं, आणखी बारीक, आणि मग थड् आवाज झाला.

मग काहीच नाही.

कान लावून ऐकलं. टेबलाखाली स्मशानशांतता. एक एक बटण बंद केलं. बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिता येणार आहे?

ही आली. मोरीत बादली पाहिली, शाल पाहिली, माझे चिखलाचे पाय पाहिले. आधी हसली. मग डोळे भरून आले. "अहो, इतका बर्फ... अनवाणी गेलात?"

"औषधापुढे काय?"

माझ्या शेजारी स्टुलाच्या काठावर बसली. "तुम्हाला एक सांगायचंय. शुक्रवारी ते आले की सांगते."

"आत्ता सांग."

"नको. चिडाल. आणि आज तुम्ही इतके छान वागलात."

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी बर्फ बदलला. दुपारी पुन्हा बदलला. मासळीवाला आता विचारत नाही, मला पाहून फावडं उचलतो.

खालून कण्हणं नाही. पहिल्यांदाच मजकूर एकटाकी झाला, एक वाक्य खोडावं लागलं नाही. संपादकांचा स्वतःहून फोन – सूर परत सापडला तुम्हाला.

सापडला.

४ एप्रिल, शुक्रवार

खालचे सकाळी परतले. ही बॅगांचा आवाज ऐकूनच खाली गेली. बराच वेळ वर आली नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली. खालचे गृहस्थ होते. आमच्या दारात पहिल्यांदाच आले. एका हातात कपाटाची किल्ली, दुसऱ्या हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेली हिची औषधं – सगळी. म्हणाले, तुम्ही प्लग काढता म्हणून त्यांनी आमच्याकडे ठेवली होती. आमच्या फ्रिजमध्ये ठेवली म्हणजे आमची जबाबदारी. आमचा फ्रिज कसा गेला, कळत नाही.

मी बादलीतला डबा काढला. दोरा तोडला. आत लिंबं होती.

"माफ करा," ते म्हणाले. खिडकी उघडी होती. गल्लीत ऐकू गेलं असेल.